रात्रपाळी, डबल ड्युटी आणि न उतरणारा थकवा: रोस्टर बदलण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली स्टाफ नर्स, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तीस खाटांच्या खासगी रुग्णालयात आहे. आमचे डॉक्टर रोस्टर (पाळ्यांचा तक्ता) बदलायला तयार झालेत, "लिहून द्या, बघू" म्हणालेत. पावसाळ्याआधी हे व्हायला हवं, म्हणून हा धागा.

सध्या आठ ते आठ अशा बारा तासांच्या दोन पाळ्या आहेत. आम्ही सहाजणी, दिवसा तिघी, रात्री दोघी. कुणी रजेवर गेली की दिवसाची सिस्टर तशीच रात्रीला थांबते. रात्र करून घरी गेलं की उकाड्यात डोळा लागत नाही, लागला तर दाराशी कोणीतरी हाक मारतंच. थकवा सुट्टीच्या दिवशीही उतरत नाही. सगळे म्हणतात रक्त तपासा, बी-ट्वेल्व घ्या. तपासलं, सगळं नॉर्मल. मला खात्री आहे की दुखणं आमच्या अंगात नाही, पाळ्यांच्या तक्त्यात आहे.

पावसात रात्री फुरसं (विषारी साप) चावलेला पेशंट येतो. कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवायची, मग तिरकी करून रक्त गोठलंय का बघायचं. नसेल तर विष भिनलंय. मग सापाच्या विषावरची लस चालू केली की रिअ‍ॅक्शन येते का म्हणून खाटेशेजारून हलता येत नाही. तेवढा वेळ उरलेला सगळा वॉर्ड दुसऱ्या सिस्टरवर. त्यात पहाटे तीन ते पाच ही शरीराची सगळ्यात मंद वेळ. सलग १७ तास जागं राहिलं की लक्ष आणि हात दारू घेतलेल्या माणसासारखे मंदावतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. डबल ड्युटी तर २४ तासांची! इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असं आहे. खाटा भरल्या की आमच्याकडे रात्री पंधरांमागे एक.

आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या सुचवाव्यात तर एक पाळी रात्री दहाला सुटते, तेव्हा गावाकडे एसटी नसते. म्हणून सरकारी रुग्णालयांत असतं तसं ८ ते २, २ ते ८ आणि रात्र ८ ते ८ करावं असं वाटतंय. सकाळी तिघी, दुपारी दोघी, रात्री दोघी धरल्या तर आठवड्याला ४९ ड्युट्या होतात. साप्ताहिक सुट्टी सोडून आम्ही सहाजणी भरतो ३६. म्हणजे निदान तिघी वाढवायला हव्यात, रजांचा हिशेब वेगळाच. डॉक्टर म्हणतात जीएनएम मुली इथे टिकत नाहीत, मुंबईला नाहीतर गोव्याला जातात. पण पाळ्या अशा असल्यावर टिकतील कशा?

छोट्या रुग्णालयात हे कुणी करून घेतलंय का? तिघी मिळेपर्यंत निदान डबल ड्युटी बंद करायला काय केलंत? पाळी सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने पुढे सरकली तर शरीराला सोपं जातं म्हणतात, तुमचा अनुभव काय? रात्री दोघीच असताना आळीपाळीने अर्धा तास पाठ टेकायची सोय कशी बसवलीत, आणि तेवढ्या वेळात खाली कॅज्युअल्टीत कोण असतं? नावं झाकून रोस्टरचा फोटो टाकलात तरी खूप उपयोग होईल. कागद येत्या सोमवारी द्यायचा आहे.