जुन्या जीपचा एसी आणि हीटर दोन्ही बिघडलेत, शहादा-धुळे-जळगाव भागात कुणाकडे न्यावी?

शहादा_जीपवाला
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९९६ ची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, वडिलांनी हौसेने घेतलेली. इंजिन आणि फोर बाय फोर अजून ठणठणीत, सातपुड्यातल्या नाल्यांतून आजही ती बिनतक्रार निघते. २०१० मध्ये हार्डटॉप बसवलं, तेव्हाच डॅशबोर्डखाली एसी आणि हीटरचा एकत्र डबा बाहेरून बसवून घेतला.

गेल्या उन्हाळ्यापासून एसी गार करत नाही. दोन ठिकाणी मिळून तीनदा गॅस भरला. सकाळी जरा बरं वाटतं, पण अकरा वाजले की जाळीतून कोमट हवा. शेवटच्या मिस्त्रीने कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं, खर्च अठरा हजार. हीटरचं रडगाणं वेगळंच. डिसेंबरात पहाटे तोरणमाळच्या घाटात काच धुरकट होते आणि हीटर नुसती कोमट हवा फेकतो.

बाबा ७४ वर्षांचे आहेत, दमा आहे. दर पंधरा दिवसांनी त्यांना धुळ्याला दाखवायला न्यावं लागतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण तान्हं बाळ घेऊन माहेरी येणार आहे. त्याआधी काम व्हायला हवं. कॉम्प्रेसर बदलू का? चांगला माणूस सुचवा.

रावेर_केळीवाला
भाऊ, आमच्याकडे आजी म्हणायची तसं सांगतो: गॅस भरीसन काही व्हस नही, पहिले गयती देखा. बंद पाइपातला गॅस आपोआप कमी होत नाही. तीनदा भरावा लागला असेल तर एक तर तो गळतोय, नाही तर कमी नसतानाच भरलाय. माझ्या जुन्या गाडीत कूलिंग कॉइलच्या तोंडाशी ओ-रिंग (रबरी गोल पॅकिंग) वाळून गेली होती. साबणाचं पाणी लावल्यावर बारीक बुडबुडे आले. तीस रुपयांची रिंग आणि मी दोन वर्षं गॅस भरत बसलो होतो.

धुळेकर_मिस्त्री
दादा, कॉम्प्रेसरला हात लावू नका अजून. मी बावीस वर्षं एसीचंच काम करतोय. गाडी माझ्याकडे आणा असं म्हणत नाही, शहाद्याहून एवढ्यासाठी येऊ नका. आधी घरीच दोन गोष्टी बघा.

पहिली. दुपारी इंजिन चालू, एसी चालू, दहा मिनिटं थांबा. बॉनेट उघडून कॉम्प्रेसरकडे परत येणारा जाड पाइप धरा. पट्ट्यापासून हात आणि बाही लांब ठेवा. पाइप गार लागला आणि त्याला घाम सुटलेला दिसला, तर कॉम्प्रेसर त्याचं काम करतोय. गारवा तयार होतोय, पण तुमच्यापर्यंत पोचत नाहीये.

दुसरी. हीटरचं बटण पूर्ण बंदच्या बाजूला ठेवा आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) आत जाणारे हीटरचे दोन रबरी पाइप चाचपा. दोन्ही चटका बसेल इतके गरम असतील तर हीटरला इंजिनचं गरम पाणी सोडणारा नळ बंद होत नाहीये. तुमच्या डब्यात कूलिंग कॉइल आणि हीटरची छोटी रेडिएटर एकामागे एक आहेत. एसीने गार केलेली हवा पुढे ऐंशी अंशाच्या पाण्याच्या जाळीतून जाते. मग कितीही गॅस भरा, काय उपयोग? सकाळी इंजिन पुरतं तापलेलं नसतं म्हणून बरं वाटतं. तुम्ही लिहिलेल्या वेळेवरूनच मला हा संशय आला.

बाकी कुणी 'गेज लावून बघितलं, गॅस आहे' म्हटलं तर विचारा, इंजिन चालू होतं की बंद? बंद गाडीत आर-१३४ए चा, म्हणजे एसीतल्या गॅसचा, दाब फक्त हवेच्या तापमानाप्रमाणे दिसतो, ३० अंशाला साधारण ९७ पीएसआय. आत पाव किलो असो की अर्धा, काटा तेवढाच. त्यावरून किती गॅस आहे ते कळतच नाही.

चाळीसगावकर
मिस्त्रींशी शंभर टक्के सहमत. काही गाड्यांत नळ नसतो, आत नुसता फ्लॅप असतो आणि त्याची तार सुटते. तुमचा डबा बाहेरचा आहे, त्यामुळे बहुधा नळच असेल.

हीटर हिवाळ्यात कोमट का, यावर माझा एक प्रश्न. थर्मोस्टॅट आहे का गाडीत, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल? आपल्याकडे 'गाडी तापते' म्हटलं की वॉल काढून फेकायची पद्धत आहे. ४५ अंशाच्या जळगावात ते शहाणपणाचं वाटतं, पण मग डिसेंबरात इंजिन नीट तापतच नाही. थंड पाण्यावर हीटर काय करणार? शिवाय डिझेल जास्त जळतं ते वेगळं. माझ्या जीपमधला वॉल असाच कुणीतरी काढला होता. तो परत बसवल्यावर कन्नड घाटात पहिल्यांदा पाय शेकले.

रावेर_केळीवाला
आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत असाल तर आजच बंद करा. आमच्याकडच्या पाण्यात क्षार इतके की चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो. हीटरच्या जाळीत तोच थर बसतो.

वाघूरकाठ
मी कपाशीवाला, म्हणून हे सांगतो. कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बॅटरी मारून बघा. आमच्या गाडीत तिथे कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची गादीच जमली होती. समोरून काहीच दिसत नव्हतं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर मारू नका, पत्र्याच्या बारीक पाकळ्या वाकतात. साधा नळीचा पाण्याचा झोत, आतून बाहेर.

शहादा_जीपवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी बसलो, बाहेर ४१ अंश.

जाड पाइप गार, हात ओला झाला! हीटरचे दोन्ही पाइप मात्र धरवेनात, आणि बटण पूर्ण बंद. डेअरीतला दुधाचा थर्मामीटर जाळीत खोचला: २६ अंश. मग गाडी थंड होऊ दिली, आत जाणारा पाइप दोन लाकडी पट्ट्यांत धरून सी-क्लॅम्पने आवळला (पाइप दोन वर्षांपूर्वीच नवा टाकलाय, जुना असता तर धाडस केलं नसतं). पुन्हा चालू करून पंधरा मिनिटांनी पाहिलं तर १३ अंश. मी बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिलो. एक वर्ष बाबांना ओला टॉवेल मानेवर टाकून नेत होतो.

नळ काढला. पितळी आहे. बाहेरची दांडी फिरते, पण आतला गोळा पांढऱ्या क्षाराने अर्धा उघडा असतानाच धरून बसलाय. चाळीसगावकर, थर्मोस्टॅटच्या घरात नुसतं पॅकिंग निघालं, वॉल नाहीच. आणि वाघूरकाठ दादा, मधल्या फटीतून मूठभर गाळ निघाला.

आता माणूस सांगा. आधीच्या दोन ठिकाणी परत जायचं नाही.

धुळेकर_मिस्त्री
मग जवळच बघा. पुरुषोत्तमनगर कारखान्याच्या बाजूला ऊसतोडणी हार्वेस्टरच्या केबिनचे एसी करणारे आहेत. असाच माणूस शोधा. त्यांना बाहेरून बसवलेला डबा नवा नसतो, धुळीत आणि उन्हात चालणारा एसी त्यांचा रोजचा, आणि होज पाइपाची टोकं जागेवर क्रिंप करून (दाबून बसवून) देतात. जळगावला जायचं झालं तर अजिंठा चौफुलीच्या बाजूला चौकशी करा, पण तशी गरज पडू नये.

जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. जुना गॅस मशीनने काढून घेणार की हवेत सोडणार? सोडणारा असेल तर निघून या. व्हॅक्यूम किती वेळ? अर्ध्या तासाखाली नको, आणि पंप बंद केल्यावर काटा हलता कामा नये. पाइप उघडला तर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी बाटली) बदलणार का? तुमच्या गाडीला गॅसच्या वजनाचं स्टिकर नाही, म्हणून त्याने एकदम न भरता थोडा थोडा भरत दोन्ही दाब (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा खालचा, बाहेर पडणाऱ्याचा वरचा) आणि जाळीतलं तापमान बघितलं पाहिजे. तीनदा भरलाय म्हणजे आत जास्त झाला असणार, आणि जास्त गॅसनेही गारवा कमी होतो. गॅसच्या स्वस्तातल्या डब्यांपासून सांभाळा, काहींत पेटणारा गॅस असतो. इंजिनशेजारी तो नको.

चाळीसगावकर
नवा नळ घेताना जुना सोबत न्या, पाइपाचा व्यास जुळला पाहिजे. थर्मोस्टॅट ८२ अंशाचा मागा. कूलंट निम्मा आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका, कितीही घाई असली तरी.

शहादा_जीपवाला
झालं काम. मिस्त्रींनी सांगितलेल्या भागातच एक कारागीर मिळाला, दीड दिवस गाडी ठेवली. त्याने गेज लावून इंजिन चालू केलं तेव्हा वरचा दाब साडेतीनशे पीएसआयच्या वर गेला होता. गॅस काढून घेतला, ड्रायर बदलला, चाळीस मिनिटं व्हॅक्यूम. पुन्हा भरल्यावर भर दुपारी दाब २७० च्या आसपास स्थिरावला. कॉम्प्रेसर तोच, जुना. हीटरच्या जाळीत उलट बाजूने पाणी सोडलं तर भाकरीच्या पापुद्र्यासारखे पांढरे तुकडे बाहेर पडले. नळ, थर्मोस्टॅट, ड्रायर, गॅस, कूलंट, मजुरी धरून सहा हजार आठशे. अठरा हजारांचा कॉम्प्रेसर टाकला असता तरी नळ तसाच उघडा राहिला असता.

काल बाबांना धुळ्याला नेऊन आणलं. दीड वाजता सारंगखेड्याचा पूल ओलांडला, तापीवरून नुसत्या झळा येत होत्या. दोंडाईच्याच्या अलीकडे बाबांनी पंखा दोनवरून एकवर करायला सांगितला आणि उपरणं छातीवर ओढून झोपले.

हीटरची परीक्षा डिसेंबरात तोरणमाळच्या घाटात. तेव्हा इथेच लिहितो.