अनुभव धागा: इंग्रजीचा गृहपाठ आणि वर्ड मीनिंगची वही

डिचोलीकर

चवथीआधी (आमची गोव्याची गणेश चतुर्थी) माळा साफ करायला चढलो होतो. पत्र्याच्या ट्रंकेत काकांची डिक्शनरी सापडली. म्हणजे तिचं जे काय उरलंय ते. 'पी'नंतर काहीच नाही.

चौथीपर्यंत मी गावच्या मराठी शाळेत. १९८४ साली पाचवीला हायस्कुलात गेलो आणि तिथे सगळं एकदम इंग्रजीत. भूगोल नकाशावर निभावायचा, गणित आकड्यांवर. इंग्रजीच्या तासाला मात्र कुठे लपणार? दर धड्याला वीस कठीण शब्द. अर्थ, विरुद्धार्थी, वाक्यात उपयोग, वर स्पेलिंग पाच-पाच वेळा. आमच्या वाड्यावर डिक्शनरी एकच, ती ही, आणि तिला मागच्या बाजूने वाळवी लागलेली. पाचवीत होतो तेव्हा 'टी'पर्यंत शाबूत होती. 'यू'पासून 'झेड'पर्यंतचं सगळं माझ्या अकलेवर.

'वेअरी' शब्द आला. 'वेअर' म्हणजे घालणे हे ठाऊक होतं. मी अर्थ लिहिला: ज्याने खूप कपडे घातले आहेत असा. वाक्य केलं: इन विंटर माय ग्रँडफादर इज व्हेरी वेअरी. बाईंनी अर्थावर फुली मारली आणि वाक्याला बरोबर दिलं. वेअरी म्हणजे थकलेला, ते मला दोन वर्षं कळलं नाही.

सातवीत वाळवी 'आर'वर आली. काकांना म्हटलं रॉकेल तरी लावा, तर म्हणाले, "एवढे शब्द पुरे तुला."

तुमचे किस्से टाका. मी परत माळ्यावर.

उंडो_पाव

वेअरी आजोबा 😂😂 पोदेराची (पाववाल्याची) घंटा वाजली ती ऐकलीच नाही मी, हसत बसले. आता सकाळी उंडे नाहीत.

तिठ्यावरचा

वाक्यात उपयोगासाठी आमच्या वर्गाचं एक सर्वांना चालणारं वाक्य होतं. 'आय सॉ द वर्ड अमुक इन द डिक्शनरी.' शब्द कुठलाही घाला, व्याकरण बरोबर. वीस शब्द, वीस वाक्यं, सात मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात सरांनी वहीत लाल शाईने लिहिलं, 'सो डिड आय.'

पाटो

पाच वेळा लिहायची खांब पद्धत कुणी केली का? आधी पहिलं अक्षर वरपासून खालपर्यंत शंभर ओळी, मग दुसरं. 'बी' झाले, 'ई' झाले, 'ए' झाले... शेवटी कुठला शब्द लिहिला विचारलं तर सांगता येत नसे. दोन पेनं रबराने बांधून पण बघितलं. ओळी वाकड्या जातात.

माटोळी

डॅफोडिल्स!! वर्डस्वर्थच्या कवितेतल्या त्या फुलांनी माझा जीव खाल्ला. केरीला कुणी बघितलंय डॅफोडिल? बाई म्हणाल्या, पिवळी असतात, घोळक्याने असतात, वाऱ्यावर डुलतात. मी वहीत अर्थ लिहिला 'घागऱ्या'. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधतो त्या. पिवळ्याच की. चित्र काढा म्हटलं होतं तर खाली शेंगासुद्धा काढल्या, हलवल्या की खुळखुळतात तशा. बाईंनी वही वर्गभर फिरवली. मला वाटलं कौतुक चाललंय.

अजूनही ती कविता आठवली की मला घागऱ्याच दिसतात. आईबरोबर डोंगराला जायचे ना चवथीच्या आदल्या दिवशी, पायात जळवा, अंगावर घोंगडी, आणि मध्येच सगळा माळ पिवळा. तिथे डुलणं वगैरे खरं होतं.

आठवी_ब

मी अठरा वर्षं इंग्रजी शिकवते, त्यामुळे राहवत नाही. डॅफोडिल्स आणि घागऱ्या यांचा काही संबंध नाही, पण मी असते तर अर्धा मार्क दिला असता. शेंगांचा.

आणि त्या कवितेत कवी म्हणतो ना, मी ढगासारखा एकटा भटकत होतो? एकटा कुठला! धाकटी बहीण बरोबर होती. १५ एप्रिल १८०२ला दोघं तळ्याकाठी फिरायला गेली होती, आणि त्या फुलांचं वर्णन आधी बहिणीच्या डायरीत आहे. कविता छापली १८०७ला. त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन ओळी बायकोने सुचवलेल्या, हे वर्डस्वर्थने स्वतःच सांगितलंय.

माटोळी

म्हणजे बहिणीने बघितलं, बायकोने लिहिलं, आणि पाठ करायला मी 🙏

उंडो_पाव

आमच्या घरी पण असंच. माटोळी मी बांधते, फोटोत दादा.

साळ_काठी

माटोळीवरून आठवलं, यंदा कांगलं कुठे मिळालं का कुणाला? म्हापशाच्या बाजारात बघितलं, नव्हतं.

तिठ्यावरचा

शुक्रवारी सकाळी लवकर जा. दहानंतर काही नसतं.

जुना_फोंडा

नातू टाइप करून देतोय, मी सांगतोय. चुका त्याच्या.

गोवा मुक्त झाला १९६१च्या डिसेंबरात, तेव्हा मी अकरा वर्षांचा. मराठी देवळाच्या शाळेत झालेलं. त्यानंतर मला इंग्रजी शाळेत घातलं. वडील पोर्तुगीज शिकलेले, सेगुंद ग्राव पास, नगरपालिकेत कारकून. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण येत नाही असं म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. संध्याकाळी शर्ट काढून खुंटीला लावायचे, आरामखुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "वाच. अक्षरं तीच आहेत, आपल्या घरचीच."

शब्द आला 'प्रिटेंड'. वडील म्हणाले, "सोपं आहे. प्रेतेंदेर. म्हणजे मनात असणं, तसा इरादा असणं." पोर्तुगीजमध्ये तोच अर्थ, त्यात त्यांची चूक नाही. मी वाक्य केलं: आय प्रिटेंड टु स्टडी एव्हरी डे. मास्तरांनी वर्गात मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "बस खाली. ते मला ठाऊक आहे."

पुढच्या आठवड्यात 'पेरेंट्स'. वडील म्हणाले, पारेंतिश, नातेवाईक. मी लिहिलं: आय हॅव थर्टी टू पेरेंट्स. दे ऑल कम टु अवर हाउस फॉर चवथ अँड ईट. त्यातला आकडा खरा होता, मी मोजून लिहिला होता. मास्तर बेळगावकडचे, त्यांना पोर्तुगीज कुठून येणार? त्यांनी वडिलांना बोलावून घेतलं. वडील टाय बांधून गेले. दोघांनी अर्धा तास मोडक्या हिंदीत चर्चा केली. काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून वडील म्हणू लागले, "आधी मास्तरांना विचार, मग मला सांग." आणि मी सांगितलं की स्वतःच्या एका छोट्या वहीत उतरून घ्यायचे. वही अजून आहे. एका बाजूला पोर्तुगीज, एका बाजूला इंग्रजी, मध्ये मराठी.

डिचोलीकर

आजोबा, बत्तीस पेरेंट्स 🙏🙏 माळ्यावरून पडलो असतो.

त्या वहीचा फोटो टाकता येईल का?

जुना_फोंडा

नातू म्हणतो टाकतो. तो प्रिटेंड करतोय. कुठल्या भाषेत ते तुम्ही ठरवा.

लिस्बनहून

आजोबांच्या उलटं माझं झालं. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका दुकानाच्या दारावर शब्द होता, उच्चार अगदी 'पुश'. मी ढकलतोय, ढकलतोय. आतली बाई हातवारे करतेय. इथे त्याचा अर्थ 'ओढा'. दहावीपर्यंत इंग्रजीत डिस्टिंक्शन होतं हो मला.

पाटो

आपण तरी काय, चावी, पगार, इस्त्री, बादली सगळी त्यांचीच. आजी खिडकीला जनेल म्हणायची. मी इंग्रजीच्या वहीत 'विंडो: जनेल' लिहिलं तर बाई म्हणाल्या मराठीत लिही. मला वाटत होतं तेच मराठी.

डोंगुर्ली

खरा दोष सरकारी धोरणाचा. प्राथमिक मराठी-कोंकणीत आणि पाचवीला एकदम इंग्रजीत ढकलायचं. १९९०ला अनुदान मातृभाषेच्या प्राथमिक शाळांपुरतं केलं ते ठीक, पण पुढची शिडी कुठे होती?

साळ_काठी

आणि २०११ला इंग्रजीलाही दिलं, त्यानंतर आमच्या गावची मराठी शाळा बघा. चार पोरं आणि एक घंटा.

डिचोलीकर

दोघांनाही हात जोडतो. हा वाद इथे सुरू झाला की दिवाळीपर्यंत चालेल. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन भांडेन.

मोरजी_किनारा

आमच्या हायस्कुलात शेक्सपिअरच्या त्या व्यापाऱ्याच्या नाटकातला ('मर्चंट ऑफ व्हेनिस') कोर्टाचा प्रवेश होता. तीन हजार डुकाट, तीन महिन्यांची मुदत, नाही फेडले तर पौंडभर मांस. गृहपाठ: 'पौंड', 'बाँड', 'फॉरफिट' यांचे अर्थ आणि गोष्ट आपल्या शब्दांत.

आई मासळी विकायची. रात्री टोपली धूत होती, मी शेजारी बसून मोठ्याने वाचून मराठीत सांगत होते. पौंड म्हणजे साधारण ४५३ ग्रॅम हे सांगितल्यावर म्हणाली, "अर्धा किलो पण नाही? एवढ्यासाठी कोर्टात गेला?" मग ती वकीलबाई म्हणते ना, मांस घे पण रक्ताचा थेंब सांडायचा नाही आणि वजनात केसाचाही फरक नको, तिथे आईने टोपली खाली ठेवली. म्हणाली, "त्याला धंदा कळत नव्हता. तोलून कशाला मागायचं? वाट्याने मागायचं. वाट्यात कमीजास्त चालतं, आणि रक्त त्यातच धरलेलं असतं."

मी ते जसंच्या तसं उत्तरात लिहिलं. सरांनी पेपर हेडमास्तरांना दाखवला म्हणे. मार्क दहापैकी साडेचार, कारण स्पेलिंग. आईला साडेचार सांगितले तर म्हणाली, "मग माझे किती नि तुझे किती?"

आठवी_ब

हे मी उद्या वर्गात सांगणार. परवानगी आहे का?

मोरजी_किनारा

सांगा की. आई असती तर वाटा मागितला असता.

तिठ्यावरचा

त्याच नाटकात तीन पेट्या आहेत ना? सोन्याची, चांदीची आणि शिशाची. मी 'लेड'ला 'लीड' वाचलं. शिक्षिका विचारतायत, त्याने कुठली पेटी निवडली? मी ठामपणे: लीड कास्केट, म्हणजे पुढारीपणाची पेटी, कारण तो पुढारी होता. त्यात शेजारच्याला घरच्या डिक्शनरीत कास्केट म्हणजे शवपेटी असं मिळालेलं. तो बिचारा आठवडाभर समजत होता, लग्नासाठी शवपेटी निवडायची पद्धत आहे.

उंडो_पाव

लग्न झाल्यावर कळतं 😐

केपें_साइड

आम्हाला शेजारच्या आंटी शिकवायच्या. फी नाही, आमच्या गाईचं दूध. त्यांच्या ओसरीवर पाच पोरं. आंटी कोंकणीत ओरडायच्या आणि इंग्रजीत शिकवायच्या. 'वेन्स-डे म्हण, वेड-नेस-डे म्हणू नको रे.' पावसात लाइट गेली की मेणबत्ती लावायच्या आणि त्या उजेडात शब्द घ्यायचो. 'रिलक्टंट', 'ट्रँक्विल' असले. आंजेलुसची (चर्चच्या प्रार्थनेची) घंटा झाली की त्या उभ्या राहायच्या, आम्ही वह्या बंद करून गप्प. त्या दोन मिनिटांत मी मनातल्या मनात स्पेलिंग म्हणायचो. गाय आटली त्या वर्षीही शिकवलं त्यांनी. आईने मग नारळ पाठवले.

माटोळी

आंटी आहेत का अजून?

केपें_साइड

नाहीत. ओसरी आहे, कुलूप आहे. मुलगे ऑस्ट्रेलियात.

आठवी_ब

आताचं सांगते, राग काढायला दुसरी जागा नाही. परवा अडतीस वह्या तपासल्या. 'डिस्पाइट'चं वाक्य करा म्हटलं होतं. एकतीस वह्यांत: डिस्पाइट द इन्क्लेमेंट वेदर, द एक्सपिडिशन प्रोसीडेड. फोनवरून उतरवलेलं, स्वल्पविरामासकट. हीच पोरं वर्गात पाऊस सुरू झाला की 'टीचर, रेन केम' म्हणतात. एका मुलाने मात्र लिहिलं: डिस्पाइट माय मदर, आय वेंट टु द रिव्हर. त्याला मी पैकीच्या पैकी दिले. मग पालकांचा फोन, आमच्या मुलीचं वाक्य मोठं होतं तरी कमी मार्क का.

डोंगुर्ली

'डिस्पाइट माय मदर' 👏 नदीवर जाऊन आल्यावर त्याचं काय झालं ते पण विचारा.

साळ_काठी

कांगलं मिळालं! वाळपईहून भावाने आणलं. धन्यवाद सगळ्यांना.

जुना_फोंडा

वहीचा फोटो नातवाला जमत नाही, शाई फिकट झालीय, उजेडात काहीच दिसत नाही. एक पान वाचून दाखवतो, तो लिहील. 'आत्वाल. इंग्रजी: ॲक्च्युअल नव्हे. मास्तर म्हणतात प्रेझेंट. मुलाला विचारणे.' खाली तारीख नाही. मला त्यांनी हे कधी विचारलेलं आठवत नाही.

डिचोलीकर

आजोबा, जपून ठेवा ती. लोखंडी कपाटात ठेवा, लाकडी नको.

आत्ता ट्रंक उचलली तर खालची फळी भुसभुशीत. डिक्शनरीच्या 'पी'ची मागची चार पानं काल होती, आज जाळी झालीय. चाळीस वर्षांनी परत सुरुवात केलीय तिने.

पाटो

रॉकेल आता मिळायचं नाही. कडुनिंबाचं तेल लावा, ब्रशने, फळीला दोन्ही बाजूंनी. पुस्तकाला नको, डाग पडतात.

उंडो_पाव

आणि खाली उतरा आधी. चवथ दोन दिवसांवर आली.