दिल्लीची रिंग रेल्वे असून नसल्यासारखी का?

प्रश्न (परभणी):
सचखंड एक्सप्रेसने नवी दिल्लीला उतरून मला लाजपत नगरला, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी राहिलेल्या पुतण्याकडे जायचे आहे. नकाशावर नवी दिल्ली, हजरत निजामुद्दीन, लाजपत नगर, सफदरजंग, कीर्ती नगर अशी स्थानके जोडणारा सुमारे ३५ किलोमीटरचा वर्तुळाकार लोहमार्ग दिसतो; तरीही ज्याला विचारावे तो मेट्रोच सुचवतो. टोकियोची यामानोते मार्गिका जवळपास तेवढ्याच लांबीची, ३४.५ किलोमीटरची आहे आणि ती त्या शहराचा कणा मानली जाते. मग दिल्लीच्या मार्गाची अशी उपेक्षा का?

उत्तर (जालना):
हा मार्ग मुळात प्रवाशांसाठी नव्हताच. मालगाड्यांना गजबजलेली स्थानके टाळून बाहेरच्या बाहेर जाता यावे म्हणून १९७० च्या दशकात तो आखला गेला आणि १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने त्यावर प्रवासी फेऱ्या वाढवण्यात आल्या. आजही लोकलला मालगाड्या आणि मेल-एक्सप्रेस यांच्यामधून वाट काढावी लागते, त्यामुळे फेऱ्या मोजक्या आणि मुख्यतः सकाळ-संध्याकाळच्या आहेत. मनमाड-परभणी मार्गावर क्रॉसिंगसाठी आडस्थानकात ताटकळलेल्यांना हे दुखणे समजावून सांगायला नको.

उत्तर (लातूर):
मालवाहतुकीचे कारण मला अपुरे वाटते. मॉस्कोचा वर्तुळमार्ग १९०८ चा, तोही प्रामुख्याने मालगाड्यांचाच. १९३४ मध्ये त्यावरील प्रवासी वाहतूक बंद झाली होती. तरीही विद्युतीकरण करून आणि नवी स्थानके बांधून १० सप्टेंबर २०१६ रोजी ५४ किलोमीटरचा, ३१ स्थानकांचा मार्ग प्रवाशांसाठी पुन्हा खुला झाला. त्यांनी भाडे मेट्रोशी जोडले, म्हणजे ९० मिनिटांच्या आत मेट्रोत बदली केल्यास वेगळे तिकीट लागत नाही. दिल्लीत हेच घडले नाही. लोक वर्तुळ पाहून गाडीत बसत नाहीत, पुढची गाडी किती वेळात मिळेल आणि उतरल्यावर काय मिळेल हे पाहून बसतात.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर):
लातूरकरांच्या मताशी सहमत, मात्र एक अडचण खास वर्तुळाचीच आहे. सतत फिरणाऱ्या गाडीला अखेरचे स्थानकच नसते, त्यामुळे झालेला उशीर भरून काढायला हक्काची जागा उरत नाही आणि तो मागच्या गाड्यांवर पसरतो. बर्लिनमध्ये ३७ किलोमीटरची फेरी साधारण ६० मिनिटांत पूर्ण होते, पण तिथे शहरी गाड्यांना स्वतःचे रूळ आहेत. यामानोतेचेही तसेच. इतरांच्या रुळांवर फिरणाऱ्या दिल्लीच्या लोकलने असे वेळापत्रक पाळावे, ही अपेक्षा फार झाली.

प्रश्नकर्ते (परभणी):
सर्वांचे आभार. मग सामान घेऊन कसे जावे?

उत्तर (जालना):
अजमेरी गेटच्या बाजूने बाहेर पडा, मेट्रो तिथेच आहे. पिवळ्या मार्गिकेने केंद्रीय सचिवालय आणि तिथून जांभळ्या मार्गिकेने लाजपत नगर. पहाडगंजच्या बाजूला उतरलात, तर पादचारी पूल ओलांडत बॅगा ओढाव्या लागतील.