पायथागोरसचा पडताळा जुळतोय, तरी उत्तर चूक कसं?

दहावीची_ताई: धाकट्या भावाला त्रिकोणमिती शिकवतेय. गणित असं: त्रिकोण अबक, कोन ब काटकोन, कोन अ ३८°, बाजू बक ९ सेमी. उरलेल्या बाजू काढा. त्याने साइन ३८° (समोरची बाजू ÷ कर्ण) ची किंमत ०.६१५७ न घेता ०.६ धरली. कर्ण अक = ९ ÷ ०.६ = १५, मग पायथागोरस लावून अब = १२. पुस्तकातलं उत्तर १४.६२ आणि ११.५२. तो म्हणतो, "८१ अधिक १४४ बरोबर २२५, पडताळा चोख आला, मग चूक कुठे?" त्याला पटेल असं काय सांगू? आणि दुसरी बाजू पायथागोरसने काढावी की गुणोत्तराने?

कर्णरेषा: भावाला शाबासकी द्या, पडताळा घेणारी मुलं मला फार आवडतात. पण त्याचा पडताळा जुळणारच होता. १२ हा आकडा ज्या सूत्रातून आला, त्याच सूत्रात तो परत घातला. त्याचा त्रिकोण काटकोन त्रिकोण आहेच, फक्त गणितात दिलेला तो नव्हे. त्याला म्हणा, तुझ्या त्रिकोणातला कोन अ काढून दाखव. टॅन अ = समोरची बाजू ÷ लगतची बाजू = ९ ÷ १२ = ०.७५. कॅल्क्युलेटर डिग्रीवर ठेवून टॅन इन्व्हर्स दाबू द्या, ३६.८७° येईल. दिला होता ३८°. पायथागोरसच्या सूत्रात कोन अ कुठे येतच नाही, त्यामुळे कोन बदलला तरी ते तक्रार करणार नाही.

दुसरी बाजू शक्यतो दिलेल्या माहितीवरूनच काढावी, आपण काढलेल्या उत्तरावरून नको. इथे बक ही कोन अ च्या समोरची बाजू, अब लगतची; दोन्ही टॅनमध्ये येतात. अब = ९ ÷ ०.७८१३ = ११.५२. आता पायथागोरस लावा: १३२.७१ + ८१ = २१३.७१, वर्गमूळ १४.६२. साइनने काढलेला कर्णही तेवढाच. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, म्हणून हा पडताळा खरा.

मी मुलांना आकृतीवरच 'समोरची', 'लगतची', 'कर्ण' असं लिहायला लावते, आणि तेही कोणत्या कोनाकडून बघतोय ते ठरवल्यावर. कोन क (५२°) घेतला की पहिली दोन नावं अदलाबदल होतात. बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

ज्यार्ध: चार आकडी किमतीचा आग्रह जुनाच आहे. आर्यभटाने 'ज्या'च्या (ज्या म्हणजे त्रिज्या गुणिले साइन) सारणीसाठी त्रिज्या ३४३८ घेतली आणि ३°४५′ च्या टप्प्याने २४ किमती बसवल्या. त्यात ३७°३०′ ची ज्या २०९३ येते. २०९३ ÷ ३४३८ = ०.६०८८, आजच्या कोष्टकातही हेच. अपूर्णांक न वापरता एवढी अचूकता! मला हे दर वेळी थक्क करतं.

दहावीची_ताई: कर्णरेषा मॅडम, त्याने ३६.८७ बघितलं आणि स्वतःच वही ओढून परत सोडवायला बसला. खूप आभार. एकच शंका: नेहमी चारच दशांश स्थळं लागतात का? तीन चालणार नाहीत?

कर्णरेषा: या गणितात चालतील. साइनची किंमत ०.६१६ वरून ०.६१७ झाली तर कोन जेमतेम ०.०७° ने सरकतो. पण ९०° च्या जवळ साइन फार हळू वाढतो. ०.९९७ म्हणजे ८५.५६° आणि ०.९९८ म्हणजे ८६.३८°, तिसऱ्या स्थळी एकाचा फरक आणि कोनात जवळजवळ एक अंश! तिथे लगतची बाजू माहीत असेल तर कोन टॅनने किंवा कोसाइनने काढावा. आणि आकडे मधल्या पायरीत छाटू नका, जे काही पूर्णांकित करायचं ते शेवटी.