मदत हवी आहे: रक्त चढवण्याचं साइन-ऑफ (सिस्टर सक्षम असल्याची सही) तुम्ही कशावर देता?

मुंबईतल्या मेडिसिन वॉर्डात नवीन जीएनएम-बीएस्सी (नर्सिंगची पदविका किंवा पदवी झालेल्या) सिस्टरना रक्त चढवण्यासाठी सक्षम ठरवायचं आहे. सध्या लेखी परीक्षा आणि तीन वेळा बघून टिक, एवढंच. लेखीत सगळ्या पास. चुकतं ते बेडजवळ. पिशवीवरचा नंबर फॉर्मशी जुळवतात, पण पेशंटलाच पूर्ण नाव विचारत नाहीत, मनगटावरचा बँड बघत नाहीत. एकाच आडनावाचे दोघे शेजारी असले की इथेच घात होतो. पडताळणीची दुसऱ्या सिस्टरची सही तर बऱ्याचदा नर्सिंग स्टेशनवर बसूनच होते, आणि माझ्या मते हीच सगळ्यात धोक्याची सवय.

पहिली १५ मिनिटं पेशंटजवळ थांबायचं, ४ तासांत पिशवी संपवायची, हे तोंडपाठ आहे. पण थंडी वाजून कंबर दुखायला लागली, म्हणजे रिअ‍ॅक्शनची लक्षणं दिसली, की रक्त थांबवायच्या आधी डॉक्टरांना फोन जातो.

मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) सराव घेऊन झाला, फरक पडला नाही. सिम्युलेशन लॅब नाही; रात्रपाळीला दोनच सिस्टर, त्यामुळे वेगळा परीक्षक मिळत नाही.

खरी रिअ‍ॅक्शन क्वचितच दिसते. मग रक्त बंद करणं, नवीन सेटने (नळीने) सलाइन लावणं, पिशवी सेटसकट रक्तपेढीला पाठवणं, हे तुम्ही वॉर्डातच कसं तपासता, आणि किती वेळा बरोबर आल्यावर सही करता?