गाडीची चावी हरवली आहे, डुप्लिकेट चालेल का?

स्नेहल, बी-५०३: काल मंडईत गाडीची एक चावी पडली. फ्लिप चावी (पातं दुमडून आत जाणारी), रिमोटवाली. दुसरी घरात आहे. चौकातल्या चावीवाल्याकडून डुप्लिकेट करून घेतली तर चालेल ना?

मिलिंद काका, ए-२०१: थांब जरा. हरवलेल्या चावीला गाडीचा नंबर किंवा फ्लॅट नंबर होता का? आणि घरातल्या चावीचा फोटो ग्रुपवर टाकू नकोस. पात्याच्या स्पष्ट फोटोवरून खाचा मोजून तशीच चावी कापता येते.

स्नेहल, बी-५०३: सोसायटीचा बिल्ला होता काका. त्यावर पार्किंग नंबर आहे.

मिलिंद काका, ए-२०१: मग डुप्लिकेट नंतर. आधी गाडी त्या जागेवरून हलव आणि वॉचमनला सांगून ठेव. ज्याला चावी सापडली त्याच्याकडे कंपनीची खरी चावी आहे. दार उघडेल आणि इंजिनही सुरू होईल.

एका चावीत तीन स्वतंत्र गोष्टी असतात. पातं दाराचं आणि इग्निशनचं कुलूप फिरवतं. रिमोट दारं उघडतो-लावतो. आपल्याकडे तो बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो आणि दर दाबाला कोड बदलतो. तिसरी म्हणजे चावीच्या डोक्यातली चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं कडं असतं, त्यातून सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या लहरी येतात, तेवढ्या ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर इंजिन सुरूच होत नाही, किंवा एक-दोन सेकंद चालून बंद पडतं आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकतं. हाच इमोबिलायझर. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी चावी फिरवून गाडी सुरू होते, आणि नुसतं पातं कापून आणलं तर दार उघडतं पण गाडी सुरू होत नाही.

रोहन, सी-४०१: पण चावीवाले चिपसुद्धा करून देतात की आता.

अदिती, सी-१०४: देतात, पण त्याचे दोन प्रकार आहेत आणि फरक मोठा आहे. एक क्लोन: घरातल्या चावीच्या चिपची हुबेहूब नक्कल. गाडीच्या दृष्टीने त्या दोन्ही एकच चावी. उद्या ती नक्कल हरवली तर फक्त तिलाच बाद करता येत नाही, मूळ चावीही तिच्यासोबत जाते. दुसरा प्रकार म्हणजे नव्या ओळखीची चिप गाडीत रीतसर नोंदवणं. हाच करून घ्यायचा.

आणि मुख्य मुद्दा असा की क्लोन केल्याने हरवलेली चावी बाद होत नाही. मंडईत पडलेली चावी गाडीच्या मेमरीत आजही वैध आहे. ती पुसेपर्यंत काम अर्धवटच म्हणायचं.

स्नेहल, बी-५०३: पुसायची कशी? आपल्याकडे ती चावीच नाही.

अदिती, सी-१०४: लागतही नाही. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरला उपकरण जोडायची जागा) स्कॅनर लावून आधीच्या सगळ्या चाव्यांची नोंद काढतात आणि समोर हजर असलेल्या चाव्या पुन्हा नोंदवतात. त्यासाठी पिन, म्हणजे गाडीचा गुप्त कोड, लागतो. अधिकृत वर्कशॉपला तो चेसिस नंबरवरून कंपनीकडून मिळतो. चुकीचा पिन वारंवार टाकला तर सिस्टिम काही काळ लॉक होते, म्हणून अंदाजाने प्रयत्न करणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. घरातली चावी सोबत न्यायला विसरू नकोस, नाहीतर तीच बाद होऊन येईल.

बॅटरी चांगली चार्ज असू दे, एसी आणि दिवे बंद. मध्येच व्होल्टेज पडलं तर प्रोग्रॅमिंग अर्धवट राहतं.

अजून एक, हे सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत रिमोटची नोंद आणि चिपची नोंद वेगवेगळी असते. वर्कशॉपला स्पष्ट विचार, “दोन्हीकडून काढली का?” काम झाल्यावर स्कॅनरवर नोंदलेल्या चाव्यांची संख्या दिसते. घरातली आणि नवी मिळून ती २ असायला हवी. ३ दिसली तर जुनी अजून आत आहे. तो आकडा जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर) लिहून घे.

देशपांडे सर, ए-६०४: स्नेहलताई, कागदपत्रांचं आजच सुरू करा. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर लॉस्ट अँड फाउंडमध्ये गहाळ वस्तूची नोंद करता येते, पावती लगेच मिळते. चावी पर्ससकट चोरीला गेली असती तर गोष्ट वेगळी, तेव्हा चौकीवर जाऊन तक्रारच नोंदवायची. मग विमा कंपनीला ईमेल: पॉलिसी नंबर, चेसिस नंबर, चावी कधी आणि कुठे हरवली, सोबत ती पावती.

हे टाळू नका. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच दिली तर दुसरीचा हिशोब विचारतात आणि क्लेम अडकतो. आज केलेला ईमेल आणि वर्कशॉपचं बिल हाच तो हिशोब. बिलावर फक्त “नवीन चावी” नको, जुनी चावी बाद केल्याचा उल्लेख हवा. पॉलिसीत चावी बदलण्याचं ॲड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण) असेल तर खर्चही मिळू शकतो. मर्यादा आणि कळवण्याची मुदत आधी वाचा.

स्नेहल, बी-५०३: ॲड-ऑन आहे सर, आत्ता पाहिलं. कुलूपही बदलायला लागेल का?

मिलिंद काका, ए-२०१: चिप बाद झाली की त्या चावीने गाडी सुरू होणार नाही, पण जुनं पातं दार उघडतच राहील. बिल्ल्यावर पार्किंग नंबर नसता तर मी नको म्हटलं असतं. आता मात्र बदलावं. पूर्ण लॉकसेट महाग पडतो. चांगला कारागीर कुलपातल्या पितळी पट्ट्यांची मांडणी बदलूनही देतो. ड्रायव्हरचं दार, इग्निशन, आणि डिकीला कुलूप असेल तर तेही, सगळं एकाच वेळी. नाहीतर दाराला एक चावी आणि इग्निशनला दुसरी होऊन बसेल. घरातल्या चावीचं पातंही मग नवीन लागेल.

प्रकाश, बी-१०२: आणि दोन्ही चाव्या गेल्या तर?

मिलिंद काका, ए-२०१: तर गाडी बेसमेंटमधून बाहेर काढणं हेच मोठं काम. टो ट्रक आपल्या रॅम्पवर येत नाही. स्टिअरिंग लॉक, हँडब्रेक लावलेला. आधी कारागिराकडून दार उघडून हँडब्रेक खाली आणि गिअर न्यूट्रल करायचा, पुढच्या चाकांखाली छोट्या ट्रॉल्या घालून ढकलत बाहेर आणायची. त्यापेक्षा शक्य असेल तर प्रोग्रॅमिंग करणाऱ्यालाच खाली बोलवा. नवी गाडी घेताना चावीसोबत छोटा बिल्ला मिळतो, त्यावर चावीचा कोड असतो. तो घरी जपून ठेवा, किचेनला मुळीच नको. त्या कोडवरून मूळ चावी नसतानाही पातं कापता येतं.

रोहन, सी-४०१: बटणस्टार्टवाल्यांचं काय? आमची चावी दाराजवळच्या खुंटीला असते आणि गाडी खाली अगदी जवळ.

अदिती, सी-१०४: खुंटी बदल. दोन चोर मिळून उपकरणांनी गाडीचा सिग्नल वाढवून चावीपर्यंत पोहोचवतात, गाडीला वाटतं चावी शेजारीच आहे. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेव, पण तपासून घे: डबा हातात धरून गाडीजवळ जा आणि हँडलचं बटण दाब. दार उघडलं तर डबा कामाचा नाही. चावीचा सेल संपला तर चावीच्या आत लपलेलं पातं काढून दार उघडायचं आणि चावी स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबायचं. बऱ्याच गाड्या अशा सुरू होतात.

फ्लिप चावीचं कव्हर बदलणाऱ्यांनी जुनं टाकून देऊ नका. काही चाव्यांत चिप सर्किटवर नसते, कव्हरच्या कोपऱ्यात काळा लहानसा तुकडा असतो. तो जुन्या कव्हरमध्येच राहिला की रिमोट चालतो आणि गाडी सुरू होत नाही.

स्नेहल, बी-५०३: वर्कशॉपशी बोलले. आरसी, ओळखपत्र आणि घरातली चावी घेऊन बोलावलंय. चावी मागवावी लागेल, ८-१० दिवस म्हणाले.

अदिती, सी-१०४: तेवढं थांबू नकोस. नवी चावी येईल तेव्हा नोंदवतील. जुनी उद्याच बाद करून घे, घरातली एकच नोंदवलेली ठेव. तोवर स्कॅनरवर आकडा १ दिसायला हवा.

मिलिंद काका, ए-२०१: आज रात्री गाडी वॉचमनच्या केबिनसमोरच्या पाहुण्यांच्या जागेत लाव. स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा माझ्याकडे आहे, आठनंतर खाली घेऊन येतो.