काळं टर्मिनल काढून वेब आणताय? आधी काउंटरला विचारा

मशीदबंदर_बिल्टी:
आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या) अजून काळ्या टर्मिनलवर, म्हणजे नुसती अक्षरं दिसणाऱ्या आणि कीबोर्डवरच चालणाऱ्या जुन्या स्क्रीनवर होतात. आता वेबचं सॉफ्टवेअर घ्यायचं घाटतंय. माझा विरोध आहे, आणि तो नवं शिकायचा कंटाळा म्हणून नाही. संध्याकाळी गाड्या लागतात तेव्हा ऑपरेटरची नजर चलनावर असते. पुढची स्क्रीन यायच्या आत तिने तीन रकाने टाइप केलेले असतात. त्या कळा रांगेत थांबतात आणि स्क्रीन आली की जागेवर बसतात. डेमोत हेच करून पाहिलं. पान उघडेपर्यंत मारलेलं सगळं गेलं. सवयीने एफ५ दाबलं तर ब्राउझरने पान रिफ्रेश केलं, अर्धी बिल्टी पुसली गेली.

ठाणे_अकाउंट्स:
वेग मान्य. पण ई-वे बिलाचं, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याचं काय? परराज्यात जाणारा माल ५०,००० रुपयांच्या वरचा असला की तीच माहिती पोर्टलवर पुन्हा टाइप करता ना? २०१८ पासून हे चाललंय. गाडी नंबरात एक अक्षर चुकलं तरी गाडी वाटेत अडते. शिवाय टर्मिनल टेलनेटवर, म्हणजे सर्व्हरला जोडायच्या जुन्या पद्धतीवर असेल तर पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जातोय.

मशीदबंदर_बिल्टी:
टेलनेट आजच बंद करा, एसएसएचवर जा, म्हणजे सगळं सांकेतिक रूपात जाईल. त्यासाठी स्क्रीन बदलावी लागत नाही. ई-वे बिलाचं पोर्टलही एकगठ्ठा जेसन फाइल (ठरलेल्या साच्यातली माहितीची फाइल) घेतं, ती जुन्या प्रोग्राममधून काढता येईल.

कोबोल_ते_जावा:
काढणार कोण? लिहिणारे रिटायर झाले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात उठली, मुलुंड नाक्यावरच्या रांगा गेल्या. पण एका ठिकाणी जकातीचा रकाना स्क्रीनवर अजून तसाच आहे! लोक शून्य मारून पुढे जातात, कारण तो काढला तर भाड्याचा हिशेब कुठे तुटेल हे कोणालाच सांगता येत नाही. खरा धोका हा आहे, म्हणून बदलाच. फक्त आतले नियम आधी कागदावर उतरवा. जुन्या स्क्रीनवर नुसतं वेबचं आवरण चढवलंत तर तो रकाना आत तसाच राहील.

काउंटर_डोंबिवली:
दादा, मी रोज एन्ट्री करते, मला कोणी विचारलं नाही. २४ ओळी, ८० अक्षरं, अख्खी बिल्टी एका नजरेत दिसते. वेबवर खाली सरकवा, माउस धरा, परत कीबोर्डवर या. मनगट भरून येतं. एन्टर मारला की पुढचा रकाना आला पाहिजे आणि माउसला हात न लावता बिल्टी छापून निघाली पाहिजे. एवढं द्या, मी आनंदाने बदलेन. आणि डेमो सकाळी केबिनमध्ये नको, गाड्या लागलेल्या असताना आमच्या काउंटरवर घ्या.

ठाणे_अकाउंट्स:
चालेल, ताई. पण वेळ मोजताना पोर्टलवरचं दुसरं टायपिंगही जुन्याच्या खात्यात धरायचं.